आधी पाय, मग फिन

नागपूरकराने स्कूबाच्या फिन्सवर लिहावं हे जरा अतीच झालं, मान्य. झिरो माइलच्या दगडापासून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लागायच्या आधी पाच-साडेपाचशे किलोमीटर जमीन तुडवावी लागते. पण दिवाळीच्या सुट्टीत आपल्या इथून मालवण-तारकर्लीला नाहीतर गोव्याला जाणारे काही कमी नाहीत. त्यातले बरेचसे इन्स्ट्रक्टरच्या भरवशावर थोडा वेळ पाण्याखाली फिरून येतात, फोटो टाकतात आणि विसरून जातात. काहींना मात्र नाद लागतो. ते रीतसर कोर्स करतात आणि मग स्वतःचं सामान घ्यायच्या मागे लागतात. मास्कचं सोपं असतं, चेहऱ्याला नीट बसला की झालं. फिन्सपाशी मात्र गाडी अडते. लांब घ्यायच्या की आखूड? कडक की लवचिक? अखंड पात्याच्या की मधून चिरलेल्या? ज्याला विचारावं तो स्वतःच्याच कशा भारी हे सांगतो. आपल्या धंद्यात व्हीआय विरुद्ध ईमॅक्स चालायचं ना, अगदी तस्सं!

मला विचाराल तर हा वाद मिटत नाही, कारण प्रश्नच अर्धवट विचारला जातो. फिन म्हणजे अर्धं यंत्र. उरलेलं अर्धं म्हणजे तिच्यात घातलेला पाय, आणि तो पाय पाणी कसा मारतो ते. फिन्सचा इतिहास चाळला तर एक मजा दिसते. दर वेळी आधी पाय मारायची पद्धत बदलली आणि फिन तिच्या मागून आली. जिथे पद्धत आणि फिन जुळली नाही तिथे चांगल्या चांगल्यांची फजिती झाली. त्यातला पहिला मोठा माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. हो, तोच तो, पतंग आणि विजेवाला.

फ्रँकलिन (जन्म १७०६) लहानपणापासून पट्टीचा पोहणारा. पोरवयात त्याने हातात धरायला लाकडाच्या दोन लंबगोल फळ्या केल्या. सुमारे दहा इंच लांब, सहा इंच रुंद, अंगठा घालायला भोक. चित्रकाराच्या रंगाच्या पाटीसारख्या दिसायच्या म्हणे. त्यांनी वेग वाढला, पण मनगटं दुखायला लागली. मग त्याने तळपायांनाही सपातासारखं काहीतरी बांधून पाहिलं, ते मात्र काही केल्या जमेना. पुढे १७७३ मध्ये एका फ्रेंच मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने याचं कारणही दिलंय. पोहताना पाण्याला रेटा बसतो तो पायाच्या आतल्या बाजूने आणि घोट्याने, नुसत्या तळव्याने नाही. फळी तळव्याला, आणि काम करतोय घोटा! याला म्हणतात डिबगिंग.

पण फ्रँकलिनचा घोटा काम का करत होता? कारण तो बेडकासारखे पाय मारत होता. त्या काळच्या युरोप-अमेरिकेत सभ्य माणसाचं पोहणं म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक. गुडघे दुमडायचे, पावलं बाहेर वळवायची, गोलाकार झटका देऊन पाय मिटायचे आणि मग अंग सैल सोडून सरकत जायचं. १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी पोहून पार केली तीसुद्धा ब्रेस्टस्ट्रोकनेच. आज आपण ज्याला फ्रीस्टाइल म्हणतो ते वर-खाली पाय मारणं जगात इतरत्र होतं, पण युरोपला ते रानटी वाटायचं. १८४४ मध्ये लंडनला अमेरिकेतले दोन ओजिब्वे आदिवासी पोहणारे आले होते. त्यांनी हात गरागरा फिरवत, पाय आपटत शर्यत मारून दाखवली, तर गोऱ्या साहेबांनी वेगाचं सोडून पाणी किती उडतं यावरच नाकं मुरडली. ती पद्धत स्पर्धांमध्ये रुळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०० च्या आसपास ऑस्ट्रेलियात क्रॉल घडत गेला, आणि त्याबरोबर मांडीपासून कात्रीसारखे आळीपाळीने वर-खाली चालणारे पाय आले. यालाच फ्लटर किक म्हणतात. नागपुरातल्या कुठल्याही स्विमिंग पूलवर कोच पहिल्या दिवशी काठ धरून जे मारायला लावतो तेच हे.

आता तारखा बघा. लुई द कोर्लियू नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने रबरी फिन्सचा पहिला नमुना दाखवला १९१४ मध्ये. म्हणजे क्रॉल रुळल्यावर लगेच. १९३३ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या कागदपत्रांतलं नाव 'पोहण्यासाठी आणि जीव वाचवण्यासाठीची साधनं' अशा अर्थाचं आहे, म्हणजे बिचाऱ्याच्या डोळ्यांसमोर बुडणारी माणसं होती. कोर्लियू फ्रँकलिनपेक्षा हुशार होता म्हणून यशस्वी झाला असं मला वाटत नाही. त्याच्या काळात पाय वर-खाली चालू लागले होते, हा फरक. पाऊल सरळ मागे ताणलेलं आणि पाय वर-खाली जातोय, अशा वेळी पावलापुढे एक पातं लावलं की ते माशाच्या शेपटीसारखं आपोआप वाकतं आणि पाणी मागे ढकलतं. बेडूक किकमध्ये हे इतकं फुकटात होत नाही.

कोर्लियूच्या कल्पनेला गिऱ्हाईक मिळवून दिलं ते ओवेन चर्चिल या अमेरिकनाने. (विन्स्टनचा कुणी नव्हे.) १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस. ताहितीला गेला असताना त्याने पायांना पसरट पाती बांधून पोहणारे लोक पाहिले. घरी येऊन तशाच फिन्स करायला घेतल्या तर कळलं की पेटंट आधीच कोर्लियूच्या नावावर आहे. मग रीतसर परवाना घेऊन १९४० मध्ये विक्री सुरू केली. पहिल्या वर्षी हजारसुद्धा जोड खपले नाहीत. पण दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. अमेरिकन आणि ब्रिटिश नौदलांनी त्या उचलल्या, आणि पाणबुड्या सैनिकांना 'फ्रॉगमन' हे नाव पडलं. गंमत अशी की नाव बेडकाचं असलं तरी हे लोक पाय मारायचे ते क्रॉलचे!

इथे थोडं फिजिक्स, बारावीच्या पलीकडे जात नाही, घाबरू नका :-) पुढे जायचं तर पाणी मागे ढकलावं लागतं. किती रेटा मिळाला हे ढकललेल्या पाण्याचं वस्तुमान गुणिले वेग यावर ठरतं. त्यासाठी लागणारी ऊर्जा मात्र अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. समजा अनवाणी पायाने १० किलो पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने मागे फेकलं. रेटा २०, ऊर्जा २०. आता फिन घालून ४० किलो पाणी अर्ध्या मीटरच्या वेगाने ढकललं. रेटा तोच २०, ऊर्जा फक्त ५. म्हणजे तेवढ्याच कामाला चौथा हिस्सा मेहनत. फिनचा सगळा फंडा एवढाच आहे. थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा जास्त पाणी हळू ढकला.

आणि पाण्याखाली मेहनत म्हणजे हवा. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की त्यात साधारण २४०० लिटर हवा मावते. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव. उरली १८००. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेत असेल तर १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असल्याने ४० लागतात. म्हणजे पंचेचाळीस मिनिटं मिळाली. पाय झाडत बसलात आणि खप दुप्पट झाला, तर बावीस-तेवीस मिनिटांत वर. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे, आणि हवेचं सगळ्यात मोठं बिल त्यांचंच.

युद्ध संपलं, झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये बनवलेलं ॲक्वालंग सामान्य लोकांच्या हाती आलं, आणि फिन्सची दुनिया बदलली. इटलीचा लुइजी फेर्रारो हा खुद्द फ्रॉगमन. १९४३ मध्ये तुर्कस्तानच्या बंदरांत त्याने शत्रूच्या मालवाहू जहाजांना सुरुंग लावले होते. शांततेच्या काळात त्याने क्रेस्सी कंपनीसाठी 'रॉन्डिने' नावाच्या फिन्स घडवल्या. बुटासारखं अख्खं पाऊल आत जाणारं आणि पातं पावलाच्या रेषेपासून किंचित खाली झुकलेलं. तो कोन महत्त्वाचा. आपला घोटा पूर्ण सरळ होत नाही, ती कसर पातं भरून काढतं. श्वास रोखून खोल जाणाऱ्यांच्या आजच्या लांबलचक फिन्सही याच विचारावर चालतात. संथ, मोठी फ्लटर, मांडीपासून. एका श्वासात जाऊन यायचं असेल तर त्यांना तोड नाही.

दुसरी वाट काढली मार्सेच्या जॉर्ज बुशाने. १९६४ मध्ये त्याच्या 'जेटफिन'ला पात्याच्या बुडाशी भोकं होती. पाय परत आणताना अडलेलं पाणी त्या भोकांतून निसटतं आणि मांडीवरचा भार कमी होतो. आखूड, रुंद, जाड काळं रबर, आणि वजन म्हणाल तर पायात विटा बांधल्यासारखं. पुढे ही फिन स्कूबाप्रो कंपनीकडे आली आणि आजही विकली जाते. साठ वर्षं फारसा न बदललेला कोड प्रॉडक्शनमध्ये चालू आहे म्हणा ना! तो इतका का टिकला, याचं उत्तर मात्र बुशाच्या कारखान्यात मिळत नाही, ते मिळतं फ्लोरिडाच्या गुहांमध्ये.

फ्लोरिडात जमिनीखाली गोड्या पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहा आहेत. पाणी काचेसारखं, आणि तळाला पिठासारखा मऊ गाळ. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे पुष्कळ डायव्हर मेले. त्यातले कितीतरी चांगले पोहणारे होते. फ्लटर किकमध्ये पातं वर-खाली जातं, त्यामुळे थोडं पाणी प्रत्येक वेळी खालीही ढकललं जातं. उघड्या समुद्रात त्याचं काही वाटत नाही. गुहेत दोन-चार फटक्यांत गाळ उठतो, टॉर्चसमोर ताकासारखं पांढरं होतं आणि बाहेरची वाट दिसेनाशी होते. डोक्यावर खडक, त्यामुळे सरळ वर येणंही नाही. शेक एक्सली या गुहा-डायव्हरने १९७९ मध्ये अशा अपघातांचा एकेक करून अभ्यास मांडणारं छोटं पुस्तक लिहिलं. बाहेरपर्यंत सलग दोरी हवी, हवेचा तिसरा हिस्साच आत जायला वापरायचा, असे नियम त्यातून पक्के झाले. (एक्सली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या एका अतिखोल डोहात गेला.)

या गाळाने पाय मारायची पद्धत पुन्हा बदलली. गुहावाल्यांनी बेडूक परत आणला. अंग आडवं, गुडघे वाकवलेले, फिन्स पाठीच्या रेषेच्याही वर. तळवे एकमेकांकडे वळवत झटका द्यायचा आणि थांबायचं, सरकायचं. पाणी सरळ मागे जातं, तळाकडे जात नाही. त्याच्याच जोडीला जागच्या जागी गिरकी घ्यायची हेलिकॉप्टर किक आली, आणि उलटं मागे यायची बॅक किक. या सगळ्यांत पातं बाजूने, तिरकं, कधी पुढून पाणी पकडतं. लांब लवचिक पातं इथे फताडं पडतं. पाय वळतो आणि पातं मागाहून लोंबत येतं. इथे हवं आखूड, रुंद, कडक पातं, घोटा हलला की लगेच हलणारं. ते कुणाकडे होतं? बुशाच्या जेटफिनकडे. ताकदीसाठी केलेली फिन नाजूक कामाला उपयोगी पडली. आणि फ्रँकलिनला जे हवं होतं, घोट्याच्या वळणाबरोबर काम करणारं पातं, ते बेडूक किकला दोनशे वर्षांनी मिळालं.

नव्वदीच्या शेवटाला उलटा झोका बसला. पीट मॅकार्थी या अमेरिकनाच्या डिझाइनवर मधून चिरलेल्या फिन्स आल्या. पात्याचे दोन भाग, प्रत्येक पंख्याच्या पात्यासारखा पीळ घेणारा. छोट्या, भराभर फ्लटर किकला त्या छान चालतात आणि गुडघ्यांना आराम देतात. गुडघेदुखीवाल्यांनी त्यांना दुवा दिली. पण त्यांच्याने बॅक किक मारायला जा, पाणी चिरेतून निसटतं आणि तुम्ही जिथल्या तिथे. बेडूक किकलाही तोच त्रास. मग दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना वेडे म्हणू लागले. खरं तर दोघंही बरोबर होते, त्यांचं पाणी वेगळं होतं.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. मालवणला किल्ले सिंधुदुर्ग (बांधकाम १६६४ ते १६६७) आणि त्याच्या आसपासचे खडक, प्रवाळ, हा सगळा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाला. प्रवाळाचे गोल दगडासारखे प्रकार वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. नवशिक्याची एक बेसावध फ्लटर त्यातली कित्येक वर्षं मोडून टाकू शकते. मोडलं नाही तरी उडालेला गाळ प्रवाळावर बसतो आणि त्याचा प्रकाश अडवतो. एकाच जागी हंगामभर रोज किती पाय पडतात याचा हिशेब करा. पाणी तिथलं फ्लोरिडासारखं काचेचं नाही, त्यामुळे मागे काय झालं ते आपल्याला दिसतही नाही.

गोव्यात तर गाळाखाली इतिहास आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्वाचं काम उभं राहिलं. लोथल खणणारे तेच राव. १९८३ पासून त्यांनी द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला. याच संस्थेच्या लोकांना गोव्याजवळच्या सुंची रीफपाशी सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या बुडालेल्या जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात! अशा ठिकाणी वस्तू कुठे पडली होती हीच अर्धी माहिती असते. जमिनीवरच्या उत्खननात आपण चौकोनावर पाय देत नाही. पाण्याखाली तर नुसत्या पाण्याच्या फटकाऱ्यानेसुद्धा खापरी हलते. तिथे वेगाने पोहणारा माणूस म्हणजे संकटच.

आणि राजेहो, हे समजायला समुद्र कशाला पाहिजे? आपल्या विदर्भाच्या तलावांत जो कधी उतरला त्याला हे ठाऊक आहे. घाटावरून घागर भरणारी बाई पाण्यात पाय आपटत जात नाही. जाळं घेऊन उतरणारे ढिवर बांधव किती हळू पाऊल टाकतात ते पाहा. एकदा तळ ढवळला की पाणी निवळेपर्यंत वाट बघावी लागते. आपल्याकडे 'निवळणे' हा शब्द पाण्याला आणि डोक्याला सारखाच लागतो, ते उगाच नाही.

म्हणून फिन्स घ्यायच्या आधी दुकानदाराला काही विचारू नका, स्वतःलाच विचारा. मी कुठल्या पाण्यात जाणार, आणि माझ्या पायांच्या मागे काय असणार? मागे नुसतं निळं पाणी आणि अंगावर येणारा प्रवाह असेल, तर मध्यम लांबीच्या, थोड्या लवचिक फिन्स आणि मांडीपासूनची फ्लटर. एका श्वासाचा खेळ असेल तर लांब पाती. गुडघा कुरकुरत असेल आणि मोकळ्या पाण्यातच फिरायचं असेल, तर चिरलेल्या घ्या, लाज कसली. खाली प्रवाळ, गाळ किंवा बुडालेलं जहाज असेल तर आखूड कडक फिन्स आणि बेडूक. फक्त एक लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या जड रबरी जेटफिन्स थंड पाण्यातल्या हवा भरलेल्या फुगीर सूटसाठी उत्तम. आपल्या कोमट समुद्रात पातळ सूट घालून त्या चढवल्या तर पाय खाली लोंबतात, आणि पाय लोंबले की गाळ उठलाच. तशाच आकाराच्या हलक्या फिन्स मिळतात, त्या बघा. टाचेला पट्टा असलेल्या घेतल्या तर आत रबरी मोजे-बूट लागतात. खडकाळ किनाऱ्यावरून चालत उतरायचं असेल तर ते बरंच. होडीतूनच उडी मारायची असेल तर अनवाणी घालायच्या बंद फिन्स पुरतात.

बेडूक किक शिकायला मालवणपर्यंत जायची गरज नाही. एखाद्या पूलवर सकाळच्या गर्दीआधी, फिन्स न घालताच, पोटावर आडवं होऊन सराव करा. घोटे बाहेर वळवा, झटका द्या आणि मग काहीच करू नका. कठीण भाग हाच आहे, काहीच न करणं. दोन फटक्यांमध्ये मनातल्या मनात तीन अंक मोजायचे. आधी पाय बसू द्या, मग खिशात हात घाला. समुद्र पावसाळ्यात बंदच असतो, तोपर्यंत वेळ भरपूर आहे.

असो. सोमवारचा बिल्ड वाट बघतोय. कुणी बॅक किक नीट जमवली असेल तर कशी जमली तेवढं जरूर सांगा.